गाळलेले नाव

एखादे जुने नगर एका दिवसात पाहून होते काय? प्रवासी कंपन्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. सकाळी बस निघते, दुपारी जेवण होते, सायंकाळी माणसे परततात आणि मधल्या वेळात सात-आठ शतके पाहून होतात. ह्या रीतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याला रोजची मजुरी बुडवून एकच दिवस काढता येतो, त्याने एका दिवसात पाहू नये तर कधी पाहावे? माझा प्रश्न निराळा आहे. नगर दाखविणाऱ्याने काय दाखवावे, आणि पाहणाऱ्याने काय पाहण्याची तयारी ठेवावी? हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात चंद्रपूर येथे पडला. खेदाची गोष्ट अशी की, तो उपस्थित होण्यास मीच कारणीभूत होतो.

अहेरीहून आम्ही पहाटे निघालो. वसतिगृहातील पस्तीस मुलेमुली, दोन शिक्षिका आणि मी. आलापल्ली, आष्टी, गोंडपिंपरी, बल्लारपूर असा हा रस्ता. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की मुले खिडक्यांना चिकटतात. त्यांच्या लेखी तेथून परमुलूख सुरू होतो. वास्तविक २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत अहेरी चांदा जिल्ह्यातच होती. ह्या मुलांच्या आजोबांना कोर्टकचेरीसाठी चांद्यालाच यावे लागे. म्हणजे आम्ही परक्या गावी चाललो नव्हतो. आमच्याच जुन्या राजधानीचे दर्शन घ्यायला निघालो होतो.

नगर दाखविण्यासाठी एका निवृत्त शिक्षकांची गाठ घालून दिली होती. अशी माणसे चंद्रपुरात आता पुष्कळ आहेत, आणि त्याला कारणही आहे. गोंडराजांचा सुमारे ११ किलोमीटरचा परकोट झाडाझुडपांनी आणि केरकचऱ्याने गिळून टाकला होता. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून रोज पहाटे कुदळ-फावडी घेऊन त्याची सफाई सुरू केली आणि शेकडो दिवस ती चालू ठेवली. तट मोकळा झाला तेव्हा त्यावरून लोकांना चालवीत नेऊन इतिहास सांगणारेही पुढे आले. जे गाव आपल्या भिंती स्वतःच्या हातांनी झाडते, त्याला आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

गुरुजी (मुले त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच गुरुजी म्हणू लागली) सांगण्यात पटाईत होते. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण ह्या पाच खिडक्या. दरवाजावर कोरलेला, हत्तीला नमविणारा सिंह त्यांनी मुलांना बोटाने दाखविला. मग नगराच्या जन्माची कथा सांगितली. राजा खांडक्या बल्लाळशहा ह्याच्या अंगावर गाठी व जखमा होत्या. शिकारीच्या वेळी तो झरपट नदीपाशी आला, तेथल्या एका झऱ्याच्या पाण्याने त्याने तोंड धुतले आणि त्याच्या व्याधी नाहीशा झाल्या. पुढे त्याने त्याच रानात एक नवल पाहिले. ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! राणीने सल्ला दिला की ह्याच भूमीवर नगर वसवावे. कुत्र्याला पळविणाऱ्या सशाची गोष्ट मुलांना फारच आवडली. आमच्या रानातही ससे भित्रेच असतात.

अंचलेश्वर दरवाजाजवळ राणी हिराईने आपल्या पतीसाठी, राजा बीरशहासाठी, बांधलेली समाधी पाहिली. लग्नाच्या धामधुमीत पदरच्याच एका माणसाच्या हातून राजा कसा मारला गेला, आणि नंतर त्या विधवा राणीने दत्तक मुलाच्या नावाने राज्य कसे सावरले, ही कथा गुरुजींनी इतकी रंगवून सांगितली की मुले श्वास रोखून ऐकत राहिली. माझ्या मनात तेव्हा एक विचार येऊन गेला. विश्वासघाताची ही गोष्ट आपण किती निर्धास्तपणे ऐकतो आहोत! मारणाऱ्याचे नाव घेताना गुरुजी अडखळले नाहीत आणि ऐकताना कोणी मान खाली घातली नाही. कारण साधे होते. त्या मारेकऱ्याच्या नात्यागोत्यातले, त्याच्या गावचे असे ऐकणाऱ्यांत कोणीच नव्हते.

दुपारी महाकाली मंदिराचा परिसर पाहून झाल्यावर पुऱ्या-भाजी खाल्ली आणि आम्ही जिल्हा कारागृहाच्या बाजूला आलो. हे कारागृह गोंडराजांच्या जुन्या किल्ल्यातच आहे. त्याच्या आवारात एक पिंपळ आहे. वीर बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके ह्यांना ह्याच कारागृहात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी फाशी दिली आणि लोक त्या पिंपळाला हात जोडतात. दरवर्षी त्या तारखेला गोंडवनातून माणसे अभिवादनासाठी येतात. आम्ही गेलो तो साधा दिवस होता, म्हणून भिंतीबाहेरच उभे राहिलो.

बाबुराव हे अहेरी भागातील किष्टापूरचे, मोलमपल्लीचे जमीनदार. जन्म १२ मार्च १८३३ चा. म्हणजे फाशी गेले तेव्हा वय अवघे पंचवीस. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले, आणि कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेला त्यांनी जेरीस आणले. भारतीय डाक विभागाने १२ मार्च २००९ रोजी त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. हे सर्व गुरुजींनी सांगितले. मुलांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसू लागला. आपल्याकडचा, आपल्या रानातला माणूस! मग गुरुजी म्हणाले, “शेवटी फितुरीने घात केला. एका जमीनदारणीने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले.” एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे ओझरते पाहिले आणि ते पुढे चालू लागले.

“कोण जमीनदारीण, गुरुजी?” नववीतल्या एका मुलीने विचारले.

गुरुजी काही बोलले नाहीत. आपले घड्याळ पाहत म्हणाले, “चला, ऊन्ह वाढते आहे.”

वाचकहो, आता माझा कबुलीजबाब. सकाळी जटपुरा दरवाजाजवळ मी गुरुजींना बाजूला घेऊन हळूच सांगितले होते, “मुले अहेरीची आहेत. तुरुंगापाशी जरा सांभाळून घ्या.” ते सज्जन, माझा आशय त्यांनी ओळखला. सप्टेंबर १८५८ मध्ये बाबुरावांना पकडून देणारी जमीनदारीण अहेरीची होती. लक्ष्मीबाई तिचे नाव. बंडखोरांच्या जप्त केलेल्या जमीनदारीतील गावे तिला ह्या कामगिरीबद्दल इंग्रजांकडून बक्षीस मिळाली.

ती मुलगी माझ्याजवळ आली. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, नवल वाटल्याचा होता. ती म्हणाली, “फादर, गुरुजींना ठाऊक नाही वाटते. आमची आजी सांगते. अहेरीच्या लक्ष्मीबाईने.” मग थोडा वेळ थांबून, “तुम्हाला तर ठाऊक होते ना?”

मी होय म्हणालो. यापेक्षा अधिक काही बोलण्याची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर आणि त्यानंतरही कित्येक दिवस मी माझ्या त्या कुजबुजीचे समर्थन शोधीत होतो. सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्र शिकविताना असत्य आणि मौन ह्यांतील भेद बारकाईने शिकविला जाई. प्रत्येक सत्य प्रत्येकाला प्रत्येक वेळी सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. वैद्य, वकील, धर्मगुरू ह्यांच्या मौनावर कितीतरी माणसांची अब्रू आणि शांती उभी असते. पाहुण्याला त्याच्या घराण्याचे वैगुण्य ऐकवू नये, हा तर आपल्याकडचा साधा शिष्टाचार आहे. लहान मुलांच्या मनावर दीडशे वर्षांपूर्वीचे ओझे का टाकावे, असेही मी स्वतःला विचारले.

परंतु मौनाची एक कसोटी आहे. ते कोणाचे रक्षण करते, हे पाहावे. माझ्या मौनाने लक्ष्मीबाईंचे रक्षण झाले नाही; त्या केव्हाच निंदास्तुतीच्या पलीकडे गेल्या आहेत. मुलांचे रक्षण झाले नाही. जे मी झाकीत होतो ते त्यांच्या आज्यांनी गोंडी-माडियातून त्यांना कधीच सांगून ठेवले होते. रक्षण झाले ते माझ्या सोयीचे. अहेरीत माझी उठबस सर्वांशी आहे, चारचौघांत मान आहे. ‘फादर मुलांना चांद्याला नेऊन आपल्या गावाची बदनामी ऐकवून आणतात’ हे बोल मला नको होते. ज्याला मी शहाणपण म्हटले होते, ते भय होते.

चंद्रपूरच्या त्या भिंतीबाहेर उभे असताना मला एका धर्मगुरू मित्राने सांगितलेली हकिकत आठवली. तो काही वर्षांपूर्वी व्हिएतनामला गेला होता आणि त्याने ह्युए ह्या जुन्या राजधानीची एका दिवसाची सहल केली होती. १८०२ पासून १९४५ पर्यंत ग्वेन राजघराण्याचे हे आसन. परफ्यूम नदीच्या काठी तटबंदीच्या आत राजवाडे, नगराबाहेर सम्राटांच्या समाध्या. १९९३ साली युनेस्कोने ह्या वास्तूंना जागतिक वारशात स्थान दिले. सहलीत प्रथम सम्राट मिन्ह मांगची समाधी होती. १८२० ते १८४१ ह्या काळात राज्य केलेल्या ह्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. व्हिएतनामच्या ज्या ११७ हुतात्म्यांना १९ जून १९८८ रोजी रोममध्ये संतपद देण्यात आले, त्यांतील कित्येक ह्याच्याच राजवटीत मारले गेले. मित्र म्हणाला, “तळी, चाफ्याची झाडे, दगडी पायऱ्या, सगळे मनोहर, पण माझे मन कडू झाले. ह्या सौंदर्याखाली माझ्या माणसांचे रक्त आहे, आणि वाटाड्या त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही!”

त्यानंतर त्यांना थिएन मू विहारात नेले. नदीकाठी सात मजल्यांचा मनोरा, आणि मागच्या अंगाला जपून ठेवलेली एक जुनी निळी ऑस्टिन मोटार. ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिच क्वांग डुक ह्याच मोटारीतून सायगावच्या चौकात गेले आणि त्यांनी भर रस्त्यात बसून स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. कशासाठी? त्यावेळचा राष्ट्राध्यक्ष न्गो डिन्ह डिएम कॅथलिक होता आणि त्याच्या राजवटीत बौद्धांना दुय्यम वागणूक मिळते, ही त्यांची तक्रार होती. ठिणगी पडली ती ह्युए येथेच. ८ मे १९६३, बुद्धजयंतीचा दिवस. बौद्ध ध्वज फडकविण्यास मनाई झाली, निषेधासाठी जमलेल्या जमावावर बळाचा वापर झाला आणि माणसे मेली. अध्यक्षांचा सख्खा भाऊ त्यावेळी ह्युएचा आर्चबिशप होता.

माझा मित्र त्या मोटारीपुढे उभा राहिला. वाटाड्याने त्याच्या गळ्यातील क्रूस पाहिला, क्षणभर थांबला, आणि मोटारीचा इतिहास सांगताना ‘कॅथलिक’ हा शब्द गाळून त्याने नुसते ‘त्यावेळचे सरकार’ म्हटले. “त्याच्या सौजन्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले,” मित्र म्हणाला, “आणि मग माझे मलाच वाईट वाटले. सकाळी ज्या गाळण्याचा मला राग आला होता, दुपारी तेच गाळणे मला गोड लागले.”

ह्या वाक्यात सगळा प्रश्न आला आहे असे मला वाटते. त्याच ह्युए नगरात १९६८ च्या लढाईच्या वेळी साम्यवादी फौजांनी हजारो नागरिक मारले. त्याविषयीही त्या सहलीत कोणी बोलले नाही. प्रत्येक नगरदर्शन काहीतरी गाळते. वेळ थोडा असतो, ते अपरिहार्य आहे. पण काय गाळले जाते ह्यावरून कोणाच्या सोयीसाठी गाळले, हे कळते. आपल्यावर झालेला अन्याय सांगितला गेला पाहिजे आणि आपल्या माणसांनी केलेला अन्याय मात्र सभ्यपणे झाकला गेला पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. मग आपण नगर पाहायला जात नाही, आपली आवडती छबी आरशात पाहायला जातो.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जमीनदारणीच्या कृत्याचा आजच्या अहेरीच्या मुलांशी काय संबंध? बापाच्या अपराधाची शिक्षा मुलाने भोगू नये, हे तत्त्व बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्यानेही स्पष्टपणे मांडले आहे. मला ते पूर्ण मान्य आहे. दोष वारशाने येत नाही. ह्या मुलांत तर बहुतेक गोंड-माडिया आहेत. फाशी गेलेला आणि पकडून देणारी, दोघेही त्यांचेच.

पण दोष आणि देणे ह्यांत फरक आहे. आमच्याकडे बाप वारला तर मुलगा त्याचे शेत घेतो. शेतावर सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर ‘ते मी काढलेले नाही’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही; शेत हवे असेल तर बोजाही त्याच सातबाऱ्यावर येतो. वारशाचेही तसेच आहे. ‘आमचा किल्ला, आमचा पिंपळ, आमचा बाबुराव’ असे छाती फुगवून म्हणणाऱ्याने ‘आमची लक्ष्मीबाई’ असेही म्हटले पाहिजे. हे देणे पैशाने किंवा शिक्षेने फेडायचे नसते. गोष्ट पुरी सांगणे आणि ती सांगितली जात असताना तेथून न उठणे, एवढेच ते आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून शतकानुशतके घडलेल्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, तेव्हा काहींना वाटले की जे आपण केले नाही त्याची क्षमा कशाला मागायची. मला वाटते, त्या वृद्ध माणसाने सातबाऱ्यावरचा बोजा वाचून दाखविला.

पुरी गोष्ट सांगण्याचे आणखी एक कारण आहे. अर्धी गोष्ट दुष्ट असते. नाव गाळले की त्या जागी एक काळी सावली उभी राहते, आणि सावलीवर दया करता येत नाही. लक्ष्मीबाईंचे नाव घेतले तर लगेच पुढचा प्रश्न विचारता येतो. एका जमीनदारीची जबाबदारी शिरावर असलेल्या त्या बाईपुढे कोणते पर्याय होते? इंग्रजांची सत्ता तिने १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला घेताना पाहिली नसेल, तरी ऐकली होती. तिला जमीनदारी जाण्याचे भय असेल, गावे जाळली जाण्याचे असेल, बक्षिसाचा लोभही असेल. तिच्या मनातले सांगणे कोणाला शक्य नाही. पण विचारणे शक्य आहे, आणि विचारताना आपणही तिच्या जागी उभे राहतो. तसेच दुसऱ्या बाजूचेही. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे बंडवाल्यांनी तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. परक्या सत्तेचे ते नोकर होते, हे खरे. कोणाची तरी मुले होती, हेही खरे. हे सांगितल्याने बाबुरावांचे शौर्य उणे होत नाही. पंचविशीतला तो तरुण देवळातल्या मूर्तीऐवजी माणूस होतो, आणि मुलांना अनुसरता येतो तो माणूसच.

एक धोका मात्र मी नाकारीत नाही. सत्य हे सूड घेण्याचे हत्यारही होऊ शकते. एखाद्याला चारचौघांत खाली पाहायला लावण्यासाठी त्याच्या आजोबांचे पाप उगाळणारे लोक आपण सगळीकडे पाहतो. गुरुजींनी तेच सत्य खिजवून सांगितले असते तर मुलांनी कान बंद केले असते, आणि ते योग्यच झाले असते. म्हणून सांगणाऱ्यानेही आपल्या घराचा सातबारा आधी उघडावा. चंद्रपूरचा वाटाड्या अहेरीची फितुरी सांगत असेल, तर ज्या हातांनी गोंडराजांच्या वारसाला कैदेत टाकले आणि ज्या हातांनी हे वैभव पुढे कचऱ्यात जाऊ दिले, त्यांचीही नावे त्याने घ्यावीत. मग ऐकणारा आरोपी राहत नाही आणि सांगणारा न्यायाधीश राहत नाही. दोघे एकाच भिंतीपुढे उभे असतात.

आता त्या दिवसाचा शेवट सांगतो. सायंकाळी बस आष्टीच्या पुलावर आली तेव्हा अंधार पडला होता. मी उठून मुलांना सांगितले की सकाळी मी गुरुजींना एक नाव गाळायला सांगितले होते, आणि ती माझी चूक होती. बसमध्ये शांतता पसरली. मग मी त्या मुलीला विचारले, “आजी सांगते ती गोष्ट सांगशील?” ती आधी लाजली. नंतर उभी राहिली आणि मराठीत चार वाक्ये बोलून गोंडीवर आली. मला सर्व कळले नाही. लक्ष्मीबाईचे नाव मात्र दोन-तीनदा ऐकू आले, आणि तिचा स्वर ते नाव घेताना चढला नाही. मागच्या बाकावरून एका लहान मुलाने विचारले, “मग ती वाईट होती का?” ह्यावर आलापल्ली येईपर्यंत वाद झाला. निकाल लागला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी चंद्रपूरच्या गुरुजींना पत्र लिहिले. येत्या २१ ऑक्टोबरला मुलांना पुन्हा घेऊन येतो, आपण बरोबर असावे अशी विनंती केली. शेवटी एवढेच लिहिले की मुले अहेरीची आहेत. तेव्हा सर्व सांगावे.